जुनी मोटरसायकल: काम स्वतः करायचं की गॅरेजला द्यायचं?

आधी तुमचा प्रश्न मला कसा समजला ते सांगतो. तुम्ही साधारण २० वर्षं जुनी, एका सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली मोटरसायकल वापरलेली विकत घेतलीत. सकाळी बऱ्याच किका माराव्या लागतात, आणि गाडी चांगली गरम झाली की थांबल्यावर आयडलिंगला बंद पडते. इंजिन मात्र ‘एकदम शांत, अजिबात खडखड नाही’ असं तुम्ही लिहिलंय. गॅरेजने यादी दिली: कार्ब्युरेटर साफ करणं, चेनसेट, मागचे ब्रेक लायनर, पुढच्या डिस्कचं ब्रेक ऑइल, फोर्कचे (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचे) ऑइल सील आणि कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग). सगळ्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जातोय. तुमच्याकडे पान्यांचा एक छोटा संच आहे, अनुभव नाही आणि रोज कामावर याच गाडीने जायचंय. म्हणून विचारताय, शिकून स्वतः करू की पैसे देऊन मोकळा होऊ?

मी गॅरेजमध्ये काम केलंय आणि घरी स्वतःच्या जुन्या गाड्याही सांभाळतो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून माहीत आहेत. तुमचा प्रश्न पैशांचा दिसतो, पण खरी अडचण वेगळी आहे. या गाडीत आज काय ठीक आहे आणि काय नाही हे तुम्हाला माहीत नाही. ते माहीत नसल्यामुळे यादीतलं कुठलं काम तातडीचं, कुठलं सहा महिने थांबू शकतं आणि कुठलं लागणारच नाही, हे तुम्हाला ठरवता येत नाही. मग ‘सगळं करा’ किंवा ‘काहीच नको’ असे दोनच पर्याय उरतात.

नव्या गाडीला हा प्रश्न येत नाही. तिथे किलोमीटर मोजायचे आणि पुस्तकात लिहिलेलं काम करून घ्यायचं. ते वेळापत्रक एक गोष्ट धरून चालतं, की आधीची सगळी कामं वेळेवर आणि नीट झालीत. वापरलेल्या जुन्या गाडीत नेमकं तेच कुणाला ठाऊक नसतं. म्हणून जुन्या गाडीच्या देखभालीत निम्म्याहून जास्त वेळ बघण्यात आणि मोजण्यात जातो, पाना त्यानंतर फिरतो. आणि गॅरेजला सगळ्यात कमी परवडतं ते हेच बघणं. तासभर खाली बसून फक्त तपासलं तर त्या तासाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक सहसा तयार नसतं. भाग बदलला तर बिल होतं.

यात मेकॅनिकची लबाडी असतेच असं नाही. २० वर्षांच्या गाडीचा एक गंजलेला बोल्ट डोक्यातून तुटला की अर्ध्या तासाचं काम दिवसावर जातं. तुटलेला बोल्ट ड्रिलने काढायचा, आटे पुन्हा मारायचे, आणि तोवर स्टँड अडकून राहणार. त्या वेळेचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक भांडतं, न मागितले तर गॅरेजचं नुकसान. म्हणून बरीच गॅरेजं जुन्या गाड्या घ्यायला नाखूश असतात, किंवा मोठा अंदाज सांगून ठेवतात. तुमच्या यादीचा आकडा मोठा दिसण्यामागे हेही एक कारण असू शकतं.

तेव्हा माझं म्हणणं हे की तपासणी स्वतःकडे घ्या, सगळ्याच्या सगळ्या भागांची. प्रत्यक्ष काम मग कुणी करायचं हे एकेका कामापुरतं ठरवता येतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी इथून ठरवू शकत नाही. डोक्यावर छप्पर, खाली सपाट फरशी आणि पुरेसा उजेड आहे का? गाडी उघडी पडली तर दोन दिवस दुसऱ्या कशाने कामावर जाता येईल का? तुमच्या मॉडेलचे सुटे भाग सहज मिळतात का? शेवटची गोष्ट स्वभावाची आहे. न निघणाऱ्या बोल्टला जोर लावण्याऐवजी रात्रभर तेल सोडून झोपायला जाता येतं का? ज्याला हे जमत नाही त्याने फक्त तपासणी करावी आणि काम गॅरेजला द्यावं. त्यातही फायदाच आहे.

कामं वाटून घेताना बहुतेक लोक ‘सोपं’ आणि ‘अवघड’ असे दोन ढीग करतात. मला ही वाटणी पटत नाही. मी दोन प्रश्न विचारतो. हे काम चुकलं तर काय होईल, गाडी बंद पडेल की मी पडेन? आणि काम झाल्यावर ते बरोबर झालंय का हे मला गाडी रस्त्यावर काढण्याआधी तपासता येईल का? या दोन प्रश्नांनी चित्र बरंच बदलतं. कार्ब्युरेटर नवख्याला भीतीदायक वाटतो, पण चुकला तर बहुधा गाडी सुरू होणार नाही किंवा पेट्रोल गळेल. दोन्ही जागेवरच कळतं. याउलट मागचं चाक काढून बसवणं अगदी सोपं, आणि त्यात एक नट विसरला तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो.

आता तुमच्या यादीकडे येतो. सुरुवात मात्र यादीत नसलेल्या गोष्टीपासून करतो, कारण मला खटकतंय ते तिथेच.

‘इंजिन एकदम शांत’ हे वाचून मला बरं वाटलं नाही. स्क्रू आणि लॉक नटवाल्या टॅपेटच्या जुन्या इंजिनाला थोडी टिकटिक असतेच. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा छोटा दांडा) आणि व्हॉल्व्ह (सिलिंडरची झडप) यांच्या मधे ठेवलेल्या फटीचा तो आवाज. ही फट बहुतेक एअरकूल्ड छोट्या इंजिनांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते; तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा, इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर सोडणारा) व्हॉल्व्हचा वेगळा असू शकतो. वापराने व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू खोल बसत जातो, तसं त्याचं मागचं टोक रॉकरकडे सरकतं आणि फट कमी होते. शेवटी ती संपते. आवाज थांबतो, मालक खूश होतो, आणि व्हॉल्व्ह आता पूर्ण बंद होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकलेला असतानाच बाहेर टाकतो. तो नीट टेकलाच नाही तर तापत राहतो, कडेने जळका वायू निसटतो आणि कड करपते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कमी झालं की सकाळी किका वाढतात. गरम झाल्यावर उरलीसुरली फटही जाते आणि आयडलिंग टिकत नाही. तुमची लक्षणं हीच आहेत. दुसरंही काही असू शकतं, पण कार्ब्युरेटर उघडण्याआधी टॅपेट, म्हणजे ही फट, मोजायलाच हवेत.

गॅरेजच्या यादीत हे का नाही? आवाज नाही म्हणून कुणाचं लक्ष गेलं नसणार. दुसरं कारण जास्त साधं आहे. टॅपेट थंड इंजिनावर मोजायचे असतात आणि गिऱ्हाईकाची गाडी गॅरेजमध्ये चालवत येते, म्हणजे गरमच. ती नीट थंड होऊ द्यायची तर कित्येक तास, सोयीचं म्हणजे रात्रभर, ठेवावी लागते. गर्दीच्या गॅरेजमध्ये हे होत नाही आणि मग टॅपेट कानाने लावले जातात. तुमची गाडी रोज सकाळी तुमच्या दारात थंड उभी असते. हे एक काम तुम्ही गॅरेजपेक्षा जास्त नीट करू शकता.

पद्धत अशी. रात्रभर थंड झालेली गाडी मधल्या स्टँडवर घ्या, स्पार्क प्लग काढा, टॅपेटची दोन्ही झाकणं आणि मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या वीज बनवणाऱ्या चाकाच्या) कव्हरवरच्या टोप्या उघडा. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) त्याच्या नेहमीच्या दिशेने हळू फिरवत इनटेकचा रॉकर खाली दबून परत वर येताना बघा; त्यानंतर मॅग्नेटवरची ‘टी’ खूण समोर आली की पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असतो. ‘टी’ खूण एक्झॉस्टच्या शेवटीही येते, म्हणून इनटेकचा रॉकर बघणं सोडू नका. या स्थितीत दोन्ही रॉकर बोटाने जरासे हलले पाहिजेत. मग मापाची फीलर पट्टी (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) आत सरकवा; ती हलक्या अडथळ्याने सरकली की माप बरोबर. कमी-जास्त असेल तर लॉक नट सैल करून स्क्रू फिरवा, स्क्रू धरून ठेवून नट आवळा आणि पुन्हा मोजा. हे पुन्हा मोजणं अजिबात टाळू नका, कारण नट आवळताना स्क्रू थोडा सोबत फिरतो आणि माप बिघडतं. प्लग बसवताना आधी हाताने आटे चढवा, पाना शेवटी लावा. हेड (सिलिंडरच्या वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह असतात) ॲल्युमिनियमचं असतं आणि वाकड्या चढलेल्या प्लगने आटे गेले की ते काम लेथवाल्याकडेच जातं. तुमच्या इंजिनात स्क्रूऐवजी शिमची (फट ठरवणाऱ्या छोट्या चकत्यांची) रचना निघाली तर फक्त मोजा आणि आकडे घेऊन गॅरेजमध्ये जा. फट मुळीच नव्हती आणि ती बरोबर केल्यावरही किक मारताना पायाला दाब जाणवत नसेल, तर व्हॉल्व्ह करपलेला असू शकतो. मग हेड उतरवणं आलं आणि ते काम द्या.

टॅपेटनंतर प्लग, मग विजेकडे बघा. ‘कार्ब्युरेटरचा प्रॉब्लेम’ म्हणून आलेल्या गाड्यांमध्ये सैल कनेक्टर, गंजलेली अर्थिंग किंवा अशक्त बॅटरी निघालेली मी खूप वेळा पाहिली आहे. साधा मल्टिमीटर पुरतो. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन मध्यम वेगाने चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत.

आणि मग कार्ब्युरेटर. आधी तो न उघडता बघायचं ते बघून घ्या. एअर फिल्टर तुंबलाय का? कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधल्या रबरी नळीला तडे गेलेत का? तिथून बाहेरची हवा आत शिरली तर कितीही जेट (पेट्रोल मापाने सोडणाऱ्या पितळी तोट्या) साफ करा, आयडलिंग बसणार नाही. टाकीतलं पेट्रोल किती जुनं? मग फ्लोटच्या वाटीखालचा (कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं त्या वाटीखालचा) निचऱ्याचा स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या आणि थोडं थांबा. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसेल. तांबूस कण दिसले तर टाकी आतून गंजलीय आणि त्या टाकीखाली कार्ब्युरेटर कितीही वेळा साफ केला तरी तो पुन्हा तुंबणार. या एका बाटलीने अनेकांचे पैसे वाचतील.

उघडायचाच झाला तर पेट्रोलचा कॉक बंद करा, मोकळ्या हवेत बसा, जवळ आग किंवा ठिणगी नको. प्रत्येक पायरीला फोटो काढा. पायलट स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण लावायचा स्क्रू) काढण्याआधी तो अगदी हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा, नाहीतर परत कुठे लावायचा हे कळणार नाही. आयडलिंगचं पेट्रोल पायलट जेटच्या भोकातून येतं आणि ते भोक एका मिलिमीटरपेक्षा बरंच बारीक असतं. त्यात स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक किंचित मोठं झालं की माप कायमचं बिघडतं. कार्ब क्लीनरचा फवारा आणि दाबाची हवा वापरा, डोळ्यांवर चष्मा लावा, रबरी भाग आधी बाजूला काढा. आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच अनुभवी लोकांनाही माहीत नसते: जपानी रचनेच्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरवरचे चौफुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात, फिलिप्सचे नाहीत. फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. जेआयएसचे एकदोन चांगले ड्रायव्हर सुरुवातीलाच घ्या.

चेनसेट बदलायला सांगितलाय, तो खरंच गेलाय का ते बघा. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) अगदी मागच्या बाजूला चेन बोटांनी पकडून बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडण्याइतकी ती उचलली गेली किंवा दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील, तर गॅरेजचं म्हणणं बरोबर आहे आणि चेनसोबत दोन्ही स्प्रॉकेट बदला. तसं नसेल तर फक्त साफसफाई, तेल आणि ताण. छोट्या गाड्यांत सैलपणा साधारण २० ते ३० मिलिमीटर सांगितलेला असतो. मोजताना चाक फिरवून तीनचार जागी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही; जिथे सगळ्यात ताठ असेल तिथे हे माप धरा. सैल चेनपेक्षा जास्त ताणलेली चेन महागात पडते. माणूस बसला की मागचं चाक वर दबतं आणि चेन आणखी ताठ होते, तो सगळा ओढा गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. ते बदलायला इंजिन उघडावं लागतं. नवी चेन कुलपीची (जोडाला क्लिप असलेली) असेल तर कुलपीचं बंद तोंड चेन जाण्याच्या दिशेला ठेवा. आणि इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेन कधीही पुसू नका. अशाने बोटं तुटतात. चाक हाताने फिरवा.

मागचे लायनर. बऱ्याच ड्रम ब्रेकच्या बाहेर झीज दाखवणारा बाण असतो. पेडल दाबल्यावर तो खुणेच्या पलीकडे गेला की लायनर संपले. बदलणं तुम्हाला जमेल. पण आतली धूळ फुंकू नका, हवेच्या दाबानेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसा. बसवताना टॉर्क रॉड विसरू नका. ब्रेकची प्लेट स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या हाताला) बांधून ठेवणारी ती पट्टी असते. ती सुटली तर ब्रेक मारताच प्लेट चाकासोबत फिरते, ब्रेकचा रॉड गुंडाळला जातो आणि चाक जाम होऊ शकतं. दुसरीकडून चाक बसवून आणलं असेल तरीही हा नट, त्याची स्प्लिट पिन आणि ॲक्सलचा नट गाडीवर बसण्याआधी स्वतः बघा. पंक्चर काढून आणलेल्या चाकाचंही हेच.

पुढच्या डिस्कचं ब्रेक ऑइल पहिल्या वेळी गॅरेजमध्ये बदलून घ्या आणि तिथे उभं राहून बघा. हे तेल हवेतलं बाष्प शोषतं म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट ४ तेल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, आणि पाणी शोषल्यावरची मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. उतारावर सतत ब्रेक लागला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर हँडलला टेकतो. रिझर्व्हॉयरच्या (ब्रेक ऑइलच्या डबीच्या) झाकणावर जे लिहिलंय तेच तेल, सील न तोडलेल्या डब्यातलं. डॉट ५ हे सिलिकॉनवर आधारलेलं वेगळंच तेल आहे, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उघडायची वेळ आली तर ते काम गॅरेजचंच. ब्रेकचं कुठलंही काम झालं, पॅड बदलणंसुद्धा, की गाडी हलवण्याआधी लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबून बघा. पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिला दाब पोकळ जातो.

फोर्क सील आणि कोन सेट ही दोन्ही कामं द्या. त्यांना वेगळी हत्यारं लागतात, आणि चुकल्यास गाडी वळणावर ऐकत नाही. तपासणी मात्र तुमचीच. पुढचं चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकाला अगदी हळू फिरवा. मधोमध, सरळ जाण्याच्या जागी, अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेटमध्ये खळगे पडलेत आणि तो बदलायलाच हवा. फोर्क खालून धरून पुढे-मागे ओढल्यावर खटखट आली तर कदाचित नुसतं आवळून भागेल.

यादीत नसलेलं एक काम आजपासून स्वतःकडे घ्या, इंजिन ऑइल बदलणं. बहुतेक मोटरसायकलींत क्लच याच तेलात बुडलेला असतो. म्हणून डब्यावर जासो (जपानी वाहन मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं तेल घ्या; घर्षण कमी करणारी द्रव्यं असलेलं कारचं तेल घातलं तर क्लच घसरू शकतो. निचऱ्याच्या बोल्टला नवा वॉशर आणि टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरावर आवळणारा पाना). अंदाजाने ‘अजून थोडं’ आवळण्यानेच या बोल्टचे आटे जातात.

पूर्ण काम गॅरेजला द्यायचं किंवा पूर्ण घरी करायचं, याच्या मधेही एक जागा आहे आणि मी ती खूप वापरतो. चाक घरी काढायचं आणि फक्त चाक घेऊन टायर किंवा बेअरिंग बदलायला जायचं. हेड घरी उतरवायचं आणि व्हॉल्व्हची सीट कापायला मशीनवाल्याकडे द्यायचं. गॅरेजला गंजलेल्या बोल्टांचा धोका घ्यावा लागत नाही, त्यामुळे काम लवकर आणि आनंदाने होतं. क्रँक, गिअरबॉक्स, बोअर (सिलिंडर आतून घासून मोठा करणं) ही कामं मात्र ज्याच्याकडे प्रेस, पुलर आणि मोजमापाची साधनं आहेत त्यालाच द्या.

हत्यारांत पहिला पैसा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलवर घाला. मग चांगले रिंग पाने आणि सॉकेट, फीलर गेज, मल्टिमीटर, छोट्या मापाचा टॉर्क रेंच. इंजिन कव्हरचे ६ मिलिमीटरचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरवर आवळायचे असतात, म्हणजे हाताला वाटतं त्यापेक्षा खूपच कमी. मोठा रेंच त्यासाठी उपयोगाचा नाही. टोकं पसरलेले स्वस्त पाने बोल्टची डोकी गोल करतात आणि तिथून पुढे सगळंच खर्चिक होतं.

पैशांचं खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी फार वाचणार नाहीत. हत्यारं घ्याल, पहिल्यांदा प्रत्येक कामाला गॅरेजच्या कितीतरी पट वेळ लागेल. पण न लागणारी कामं टळतील, आणि जे काम द्याल ते नेमकं सांगून द्याल. गॅरेजमध्ये गेल्यावर उपाय सांगू नका, लक्षण सांगा. ‘कार्ब्युरेटर साफ करा’ म्हणालात तर कार्ब्युरेटर साफ होऊन येईल. ‘टॅपेट मापात आहेत, बाटलीत पाणी किंवा गंज नाही, चार्जिंग १४ व्होल्ट आहे, तरी गरम झाल्यावर बंद पडते’ असं म्हणालात तर मेकॅनिक विचार करायला लागेल, आणि चांगल्या मेकॅनिकला असं गिऱ्हाईक आवडतं. बदललेले जुने भाग परत मागा. तारीख, किलोमीटर आणि मोजलेले आकडे एका वहीत लिहा.

रोजची गाडी आहे म्हणून क्रम असा ठेवा. आधी ब्रेक, टॉर्क रॉड आणि हँडलची तपासणी, आजच, ऑफिसला जाण्याआधी. हँडल मधे अडकत असेल किंवा लिव्हर मऊ असेल तर गाडी तशी चालवू नका. सुटीच्या सकाळी टॅपेट आणि प्लग. दोनतीन दिवस चालवून बघा. त्यानंतरही बंद पडत असेल तरच कार्ब्युरेटर. टॅपेट आणि कार्ब्युरेटर एकाच दिवशी केलेत तर गाडी कशाने सुधारली किंवा कशाने बिघडली हे कधीच कळणार नाही.

फोर्क सीलला मात्र होकार देण्याआधी एक करा. फोर्कची चकचकीत नळी पुसून तिच्यावरून नख फिरवा. सील जिथून वर-खाली सरकतो त्या पट्ट्यात गंजाचे खड्डे नखाला लागले, तर नवा सीलही थोड्याच दिवसांत फाटून गळेल. तेव्हा गॅरेजला आधी नळीबद्दल विचारा, सीलबद्दल नंतर. खड्डे त्या पट्ट्याच्या बरेच वर, क्लॅम्पच्या जवळ असतील तर सीलला त्यांचा त्रास नाही. टॅपेट मोजलेत की दोन्ही आकडे मला लिहा, फट शून्य निघाली तरी तसंच लिहा, म्हणजे हेडबद्दल पुढचं सांगता येईल.